गाडीतला नकाशा २०१६ चा, रस्ता मात्र यंदाचा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पत्र लांबलंय याची कल्पना आहे, पण शक्य असेल तर पूर्ण छापा, कारण अर्धंच छापलं तर लोक म्हणणार की मोबाईल आहे ना हातात, मग गाडीतल्या स्क्रीनचं काय घेऊन बसलात.

मी गुहागर तालुक्यातला. स्वतःची गाडी स्वतःच चालवतो, पिवळी पाटी, पर्यटकांना घेऊन दापोली, गणपतीपुळे, मालवण, कधी कोल्हापूर-पुणे, असं वर्षभर चालू असतं. गाडी म्हणजे माझं पोट आहे, त्यामुळे गाडीतली प्रत्येक वस्तू नीट चालली पाहिजे असं मला वाटतं आणि त्यात डॅशबोर्डवरचा तो स्क्रीनसुद्धा आला. त्या स्क्रीनबद्दलच लिहितोय.

गेल्या गणपतीतली गोष्ट. चतुर्थीच्या आदल्या रात्री साडेनऊ-पावणेदहा झाले असतील, पाऊस नुसता झिमझिम चालू, आम्ही माटवी, म्हणजे गणपतीवरची आरास, बांधत होतो आणि बाहेरून एकदम हॉर्न ऐकू आला आणि पाठोपाठ खरवडल्याचा आवाज. आमच्या वाडीत वरच्या डांबरी रस्त्यावरून खाली समुद्राच्या बाजूला एक पाखाडी उतरते. दोन्ही बाजूंना चिऱ्याचा गडगा म्हणजे दगडी कुंपण, गडग्याच्या आत सुपारी-नारळाची आगरं, मधे जेमतेम साडेसहा फुटांची वाट. सुरुवातीचा तुकडा ग्रामपंचायतीने काँक्रीटचा करून घेतलाय, म्हाताऱ्या माणसांचे पाय घसरू नयेत आणि बाईक घरापर्यंत यावी म्हणून, पुढे मात्र जुन्या जांभ्याच्या पायऱ्या, मोजून अकरा, आणि त्याच्या खाली विहीर. तर त्या पाखाडीत एक भलीमोठी नवी गाडी शिरून अडकली होती. दोन्ही आरसे गडग्याला लागलेले, डाव्या बाजूचा एक चिरा निखळून बोनेटच्या कडेवर पडलेला, दारं उघडायची सोय नाही कारण दाराबाहेर लगेच गडगा. आत पुण्याहून आलेलं कुटुंब, नवरा-बायको, दोन पोरं आणि मागे पंच्याऐंशीच्या पुढचे आजोबा. गाडी चालवणारा मुलगा घामाने भिजलेला आणि स्क्रीनवरची बाई त्याला शांतपणे सांगतेय की एकशे ऐंशी मीटर सरळ जा, तुमचं ठिकाण उजव्या बाजूला आहे.

आमची काकी टॉर्च घेऊन सगळ्यात आधी पोचली. "अरे बाबा, फुडं पायऱ्या हायत, एक चाक फुडं घालू नको" असं ती ओरडली म्हणून तो थांबला, नाहीतर हेडलाईटच्या उजेडात ओल्या जांभ्यावर पायरी कुठे संपते ते मलासुद्धा कळत नाही, त्याला कुठून कळणार. मग वाडीतले सातआठ जण जमलो, डिकी उघडली, आजोबांना डिकीतून उचलून बाहेर काढलं, खुर्चीवर बसवलं, पोरांना काढलं आणि गाडी वीत वीत करत मागे घेतली. पाऊण तास लागला. त्या मुलाला मी दोष देणार नाही, पहिल्यांदा येत होता, रात्र होती, स्क्रीनवर निळी रेघ ठसठशीत दिसत होती आणि गाडी एक वर्षाचीसुद्धा नव्हती. त्यांना जायचं होतं ते घर आमच्या पलीकडच्या वाडीत, डांबरी रस्त्याने सरळ पुढे गेला असता तर दोन मिनिटांत पोचला असता.

मला त्या रात्री झोप लागली नाही. ते आजोबा डिकीतून बाहेर येताना माझा हात घट्ट धरून होते, एवढंच सारखं आठवत राहिलं. अकरा पायऱ्या आणि खाली विहीर.

आता हे झालं कसं ते समजून घ्यायला मला बरेच दिवस लागले. माझा भाचा बारावीला आहे, त्याला यातलं बरं कळतं, त्याने बसून सांगितलं. लोक "जीपीएस चुकला" म्हणतात पण जीपीएस बिचारा चुकलेला नसतोच बहुतेक वेळा. जीपीएस म्हणजे अमेरिकेचे वर फिरणारे उपग्रह, त्यातल्या निदान चार उपग्रहांचे सिग्नल गाडीने पकडले की गाडी पृथ्वीवर कुठे आहे ते कळतं, आणि त्याला इंटरनेट लागत नाही, पैसे लागत नाहीत. आपल्या इस्रोनेही नाविक म्हणून आपली स्वतःची यंत्रणा उभी केलीय, तिचा पहिला उपग्रह २०१३ मध्ये गेला, ती भारतात आणि भारताच्या सीमेबाहेर दीड हजार किलोमीटरपर्यंत चालावी अशी बनवलीय. पण उपग्रह आपला असो की अमेरिकेचा, तो फक्त सांगतो की तू या ठिकाणी आहेस. त्या ठिकाणी रस्ता आहे, पायरी आहे, साकव म्हणजे ओढ्यावरचा छोटा पूल आहे की खाडी आहे हे सांगतो तो नकाशा, आणि नकाशा माणसांनी बनवलेला असतो आणि गाडीत भरून दिलेला असतो. आमच्या पाखाडीचं काँक्रीट वरून काढलेल्या फोटोत रस्त्यासारखं दिसतं आणि पुढच्या पायऱ्या सुपारीच्या झावळ्यांखाली झाकल्या जातात. कोणीतरी कुठेतरी ऑफिसात बसून ती रेघ पुढपर्यंत ओढली असणार, आणि इकडे येऊन कोणी बघितलं नाही, आणि आम्ही वाडीवाल्यांनीही कधी कळवलं नाही. हे माझ्या डोक्यात त्या रात्रीपर्यंत कधी आलंच नव्हतं.

माझ्या स्वतःच्या गाडीचं दुखणं वेगळं आहे. ती मी २०१८ साली कर्ज काढून घेतली, मुद्दाम टॉप मॉडेल, कारण पर्यटकांना मोठा स्क्रीन, मागचा कॅमेरा हे सगळं लागतं. नॅव्हिगेशन गाडीतच आहे, एसडी कार्डवर नकाशा, तोही २०१६ चा. ते कार्ड अजून आपल्या मुंबई-गोवा हायवेला एनएच सतरा म्हणतं, खरं तर नंबर बदलून सहासष्ट होऊन कितीतरी वर्षं झाली. कशेडीच्या बोगद्याची एक बाजू २०२३ च्या गणपतीत पहिल्यांदा गाड्यांसाठी उघडली, जवळजवळ दोन किलोमीटरचा बोगदा, घाटाची सगळी वळणं वाचली, चाकरमान्यांनी हात जोडले. माझ्या स्क्रीनवर मात्र बोगद्यात शिरलं की बाण डोंगरात हिरव्या रंगातून चालत जातो आणि बाई परत परत सांगते, शक्य तिथे यू-टर्न घ्या, शक्य तिथे यू-टर्न घ्या. मी इथलाच, मला फरक पडत नाही, आवाज बंद करतो. पण माझ्या जागी बाहेरून आलेला माणूस असेल आणि त्याने बोगद्यातून बाहेर पडल्या पडल्या खरंच यू-टर्न मारायचा प्रयत्न केला तर? मागून ट्रक येत असतात. चिपळूणला, कणकवलीला, कुडाळकडे तर विचारूच नका, हायवेचं काम चालू झाल्यापासून कुठे उड्डाणपूल, कुठे सर्व्हिस रोड, कुठे नवीन डिव्हायडर, आज जिथून वळायचं तिथून पुढच्या महिन्यात वळता येत नाही.

म्हणून मी सर्व्हिस सेंटरला गेलो. कंपनीचं आणि सेंटरचं नाव लिहीत नाही, कारण मित्रांशी बोललो तर सगळीकडे थोड्याफार फरकाने हेच उत्तर मिळतं. काउंटरवरच्या मुलाला म्हटलं मॅप अपडेट करायचाय. तो म्हणाला, "काका, ते आता कोण करतं, मोबाईल लावा ना." म्हटलं मला गाडीतला करायचाय, मी त्याचे पैसे मोजलेत. मग त्याने आत जाऊन विचारलं आणि आला, नवीन कार्ड मागवावं लागेल, नऊ हजारांच्या वर जाईल, कधी येईल ते सांगता येत नाही आणि आलं तरी त्यातला नकाशा किती साली बनवलाय ते त्यालाही माहीत नाही. नंतर मी घरी येऊन गाडीसोबत मिळालेलं जाडजूड पुस्तक काढून वाचलं, तेव्हा कळलं की पहिली तीन वर्षं नकाशाचा अपडेट फुकट होता. फुकट! डिलिव्हरीच्या दिवशी हार घातला, नारळ फोडला, मोठी चावी हातात देऊन फोटो काढला, इन्शुरन्स, एक्स्टेंडेड वॉरंटी, सीट कव्हर, रस्टप्रूफिंग, सगळ्याचं समजावून सांगितलं आणि तीन वर्षांत सहा वेळा सर्व्हिसिंगला गाडी नेली तेव्हा एकाही माणसाने म्हटलं नाही की नकाशा अपडेट करून देऊ का. ऑईल बदलतात, एअर फिल्टर बदलतात, वायपर घासला तर बदला म्हणून मागे लागतात. नकाशा विचारत नाहीत.

तेव्हा निदान जेवढं घरी करता येईल तेवढं करूया म्हणून भाचा आणि मी बसलो. हे थोडं सविस्तर लिहितो कारण माझ्यासारखे पुष्कळ असतील. स्क्रीनच्या सेटिंगमध्ये सिस्टिम इन्फो म्हणून असतं, तिथे दोन वेगवेगळे आकडे दिसतात, एक सॉफ्टवेअरचा आणि एक नकाशाचा. लोकांना वाटतं एकच. सॉफ्टवेअर म्हणजे स्क्रीन, ब्लूटूथ, कॅमेरा, अँड्रॉइड ऑटो हे सगळं चालवणारा प्रोग्रॅम, तो नवीन टाकला तरी नकाशा जुनाच राहू शकतो. आमच्या गाडीचा सॉफ्टवेअर अपडेट कंपनीच्या साईटवर होता, आरसीवरचा सतरा अक्षरांचा चासी नंबर टाकला की मिळतो. फाईल मोठी होती, आमच्याकडे रात्री डाउनलोडला लावली, पहाटे लाईट गेली, परत पहिल्यापासून. दुसऱ्या रात्री झालं. मग पेनड्राईव्ह. तो फॅट-३२ नावाच्या पद्धतीत फॉरमॅट करावा लागतो, गाडीला दुसरं कळत नव्हतं, आणि झिप फाईल उघडून आतलं सगळं थेट पेनड्राईव्हवर ठेवायचं, फोल्डरच्या आत फोल्डर राहिला तर गाडी म्हणते अपडेट सापडला नाही. आमचं पहिल्यांदा तेच झालं, दोन तास त्यात गेले. आणखी एक, फॅट-३२ वर चार जीबीपेक्षा मोठी एक फाईल बसतच नाही, त्यामुळे कॉपी करताना एरर आला तर पेनड्राईव्ह खराब आहे असं समजून फेकू नका.

अपडेट चालू असताना इंजिन चालू ठेवायचं, कारण बॅटरी मधेच उतरली तर स्क्रीन अर्ध्यावर अडकून कायमचा मरू शकतो. पण एक हात जोडून सांगतो, गाडी पडवीत किंवा बंद शेडमध्ये ठेवून इंजिन चालू ठेवू नका, पाऊस असला तरी गाडी अंगणात उघड्यावर काढा. धुरातला कार्बन मोनॉक्साईड दिसत नाही, वास येत नाही आणि माणूस बसल्या जागी जातो. आम्ही अंगणात लावली, पाऊण तास, स्क्रीन दोनदा पूर्ण काळा झाला, भाचा म्हणाला मामा हात लावू नको, आणि खरंच आपोआप परत आला. त्या पाऊण तासात मागचा कॅमेरा चालत नाही त्यामुळे गाडी हलवायची नाही. झाल्यावर जोडलेले फोन पुसले गेले, आकाशवाणी रत्नागिरी सेट केलेलं होतं तेही गेलं, परत लावलं. पण ब्लूटूथवर मधेच आवाज तुटायचा तो बंद झाला आणि कॅमेरा रिव्हर्स टाकल्याबरोबर दिसायला लागला, आधी तीनचार सेकंद काळा राहायचा. तीनचार सेकंद म्हणजे मागे एखादं पोर खेळत असेल तर केवढा वेळ आहे विचार करा. हा अपडेट दोन वर्षांपूर्वीच साईटवर आलेला होता, आम्हाला कोणी कळवलं नाही.

नकाशा मात्र तसाच. ते कार्ड त्या गाडीशीच बांधलेलं असतं, दुसरीकडून आणलेलं चालत नाही.

हल्लीच्या गाड्यांना आतच सिम असतं, अपडेट हवेतून येतो म्हणतात. चांगलंच आहे. पण आमच्याकडे घरं खाली आगरात आणि खाडीकाठी, तिथे रेंजच नाही. माझ्या मेव्हण्याची गाडी तशी आहे, अपडेट सुरू झाला तो त्रेसष्ट टक्क्यांवर आठवडाभर अडकला. शेवटी तो गाडी घेऊन वर सड्यावर, म्हणजे डोंगरावरच्या सपाटीवर गेला, टॉवरच्या समोर, आणि संध्याकाळभर तिथे बसून राहिला तेव्हा पूर्ण झाला. आता तो दर महिन्याला सड्यावर जातो. त्याचं बघून आणखी दोघं जायला लागलेत. सोय आहे, पण ती आमच्या जमिनीवर कशी चालणार याचा विचार गाडी विकताना कोणी करत नाही.

आता येतो "मोबाईल लावा" या उत्तराकडे. मोबाईल मीही लावतो, रोज लावतो, त्यावरचा नकाशा ताजा असतो हे शंभर टक्के खरं आहे. पण कुंभार्ली घाटात, आंबा घाटात, आंबोलीच्या वळणांवर रेंज कुठे असते आणि कुठे नसते हे इथला प्रत्येक ड्रायव्हर जाणतो. आधीपासून नकाशा डाउनलोड करून ठेवला तर रेंज नसतानाही चालतो, तो मात्र घरून निघताना वायफायवर करून ठेवावा लागतो, आणि त्यालाही मुदत असते, अधूनमधून ताजा करावा लागतो, नव्वद टक्के लोक करत नाहीत. बोगद्यात उपग्रह दिसत नाहीत तेव्हा मोबाईल भांबावतो, गाडीतली यंत्रणा मात्र चाकांच्या फेऱ्या आणि वळण मोजून अंदाजाने पुढे सरकत राहते, या बाबतीत ती मोबाईलपेक्षा सरस आहे. फक्त तिच्या नकाशात तो बोगदा असला पाहिजे!

आणि २२ जुलै २०२१, चिपळूणचा महापूर. चिपळूणकरांना वेगळं सांगायला नको. दुसऱ्या दिवशी आम्ही इकडून दोन गाड्या पाण्याचे कॅन, बिस्किटं, मेणबत्त्या भरून निघालो, शृंगारतळी, मार्गताम्हाणे करत पुढे गेलो आणि रामपूरच्या पुढे फोन नुसते खेळणं झाले, एकाही कंपनीची रेंज नाही. मोबाईलवरचा नकाशा नुसता पांढरा. त्या दिवशी चालू होता तो फक्त गाडीतला स्क्रीन, कारण त्याला कोणाची गरज नव्हती. आतल्या गल्ल्या त्याला धड माहीत नव्हत्या, नवे रस्ते नव्हतेच, शेवटी माणसांना विचारत विचारत गेलो, चिखलातून. पण मला तेव्हापासून पक्कं वाटतं की ज्या दिवशी टॉवर पडतात त्याच दिवशी गाडीतला नकाशा लागतो आणि त्या दिवशी तो ताजा असला पाहिजे.

फेरीबोटीचंही सांगतो. दाभोळ-धोपावे, वेश्वी-बागमांडला, जयगड-तवसाळ, आपल्याकडे जंगलजेट्टीने गाडी पलीकडे जाते, फार मोठी सोय आहे. पण नकाशावर ती रेघ रस्त्यासारखीच जोडलेली असते. दापोलीहून गुहागरला टाकलं की थेट दाभोळच्या धक्क्यावर नेऊन उभं करतं, शेवटची फेरी सुटून गेलेली असली तरी. माझ्या एका गिऱ्हाईकाचं तसं झालं, समोर खाडीपलीकडे धोपाव्याचे दिवे दिसतायत आणि जायला वाट नाही. परत दापोली, खेड, चिपळूण करून सव्वाशे किलोमीटरच्या वर गाडी मारून ते मध्यरात्रीनंतर आले, सोबत तान्हं बाळ. सेटिंगमध्ये फेरी टाळा असा पर्याय बहुतेक सगळ्या नकाशांत असतो, रात्री निघताना तो चालू करून ठेवा.

सरकारकडेही माझं म्हणणं आहे. १ जानेवारी २०१९ पासून नव्याने रजिस्टर होणाऱ्या सार्वजनिक प्रवासी वाहनांना लोकेशन ट्रॅकिंग डिव्हाइस आणि इमर्जन्सी बटण सक्तीचं झालं. गाडी कुठे आहे हे सरकारला कळलं पाहिजे, बायाबापड्यांच्या सुरक्षेसाठी ते बरोबरच आहे, माझा विरोध नाही. पण त्याच गाडीतल्या ड्रायव्हरच्या समोरचा नकाशा खरा आहे का, हे कोणी बघायचं? २०२४ साली करूळ घाट कामासाठी बंद होता, वाहतूक भुईबावड्याने आणि फोंडा घाटाने वळवली होती. वरंध घाट पावसाळ्यात बंद ठेवायची वेळ वरचेवर येते. त्याचा आदेश निघतो, पण तो आमच्यापर्यंत येतो कसा, तर सही-शिक्क्याच्या कागदाचा तिरका फोटो, व्हॉट्सअॅपवर, दहा जणांनी पुढे पाठवलेला, तारीख वाचता येत नाही. नकाशात तो रस्ता उघडाच दिसत राहतो आणि बाहेरची गाडी घाटाच्या तोंडाशी बॅरिकेडपर्यंत जाऊन मागे फिरते. ज्या ऑफिसातून आदेश निघतो तिथूनच त्याच दिवशी नकाशा बनवणाऱ्या सगळ्या कंपन्यांना तो गेला पाहिजे, कुठून कुठपर्यंत बंद, कोणत्या तारखेपर्यंत, लहान गाड्यांना की फक्त अवजड, एवढं नीट लिहून. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडला सावित्रीवरचा पूल गेला, ती रात्र आम्ही गाडीवाले विसरू शकत नाही. इतक्या अचानक झालेलं कोणताच नकाशा सांगू शकला नसता हे मान्य, पण जे आठ दिवस आधी ठरवून बंद करतात ते तरी सांगता येतं की नाही?

नकाशे बनवण्यावरची परवानग्यांची बंधनं केंद्राने २०२१ च्या फेब्रुवारीत बरीच सैल केली, भारतीय कंपन्यांना आता आधीसारखी परवानगीसाठी वाट बघावी लागत नाही. म्हणजे काम करायला अडचण उरलेली नाही. युरोपात जुलै २०२४ पासून विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या कारला वेगमर्यादा ओळखून ड्रायव्हरला सावध करणारी यंत्रणा सक्तीची आहे, ती कॅमेऱ्यावर आणि नकाशावर चालते. उद्या तसलं काही आपल्याकडे आलं तर २०१६ च्या नकाशावर ते काय सावध करणार?

माझी मागणी एवढीच आहे की गाडी विकताना किंमतीच्या कागदावरच लिहून द्या की नकाशाचा अपडेट किती वर्षं मिळेल, फुकट किती वर्षं, नंतर किती रुपयांना आणि बंद कधी होणार. आणि माझं मत विचाराल तर खासगी गाडीची आरसी पंधरा वर्षांची असते तर निदान दहा वर्षं तरी तो मिळालाच पाहिजे, ब्रेक पॅड जसे मिळतात तसा. दर सर्व्हिसिंगच्या जॉब कार्डवर एक ओळ असू दे, सॉफ्टवेअर तपासलं, नकाशा तपासला. केंद्राने २४ डिसेंबर २०२२ ला राईट टू रिपेअरचं, म्हणजे वस्तू दुरुस्त करून घ्यायच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं, त्यात वाहन क्षेत्रही आहे, तिथे हीसुद्धा माहिती यायला हवी. आणि ज्यांना मुदतीतला फुकट अपडेट नाकारला गेलाय त्यांनी गप्प बसू नये, ग्राहक हेल्पलाईनचा १९१५ हा नंबर आहे, बिल आणि गाडीचं पुस्तक हाताशी ठेवून फोन करा. माझी मुदत निघून गेली, पण माझ्या ओळखीच्या दोघांची अजून बाकी आहे, त्यांना मी स्वतः सोबत घेऊन सेंटरला गेलो आणि लेखी मागितलं, तेव्हा एकाचं काम त्याच दिवशी झालं.

आमच्या बाजूने आम्ही काय केलं तेही सांगतो. भाच्याने मोबाईलवरच्या नकाशात आमच्या पाखाडीची चूक कळवली, फोटो काढून, पायऱ्यांचा, गडग्याचा, टेप लावून रुंदीचा. ओपनस्ट्रीटमॅप म्हणून एक नकाशा आहे, २००४ पासून चालू, तो कोणीही दुरुस्त करू शकतो, त्यात त्याने ती रेघ रस्ता म्हणून काढून टाकली आणि पायऱ्या म्हणून टाकली. मग वाडीतल्या बाकीच्या पाखाड्या, दोन साकव, एक जो पावसात पाण्याखाली जातो तो, सगळं आम्ही दोन रविवार फिरून टाकलं. काकी आमच्यासोबत चालत होती, कोणती वाट कुठे संपते ते तिला डोळे मिटून माहीत. मोबाईलवरची दुरुस्ती काही आठवड्यांत दिसायला लागली. पण त्या पुण्याच्या गाडीतल्या स्क्रीनवर ती कधी पोचेल, पोचेल की नाही, हे त्या गाडीचा मालक अपडेट करतो का आणि कंपनी देते का, यावर आहे. माझ्या गाडीत तर ती येणारच नाही.

ग्रामपंचायतीला आम्ही अर्ज दिलाय की पाखाडीच्या तोंडाशी दगडी खांब आणि पाटी लावा, "पुढे पायऱ्या, चारचाकी नेऊ नये". गुहागर, दापोली, मंडणगड, राजापूर, खाली मालवण-वेंगुर्ल्यापर्यंत अशा पाखाड्या गावोगाव आहेत. प्रत्येक वाडीतल्या एकातरी शिकलेल्या पोराने आपल्या वाटा नकाशात तपासून घ्याव्यात, होळीच्या सुट्टीत करा, पाऊस सुरू झाला की फिरता येत नाही. आणि मुंबई-पुण्याहून येणाऱ्यांनी निघायच्या आदल्या रात्री सेटिंगमध्ये जाऊन आपल्या नकाशाची तारीख बघा, जुनी असली तर घरच्यांना फोन करून शेवटच्या दोन किलोमीटरचा रस्ता विचारून घ्या. वाडीत कोणीही सांगेल.

आपला,
एक गाडीमालक-चालक,
ता. गुहागर, जि. रत्नागिरी